पर्यटनगावाचा कचरा आणि सत्तेची अमानत: गावाने व्यवस्था कशी उभारावी

पर्यटक येऊ लागले की गावाचं उत्पन्न आणि गावाचा कचरा एकदमच वाढतो, पण दोन्ही एकाच घरात जात नाहीत. पैसा लॉजवाल्याकडे, खाणावळीकडे, गाडीवाल्याकडे जातो. कचरा मात्र ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांच्या दारात जाऊन पडतो. मुस्लिम वस्तीच्या गावात यावरचा पहिला उपाय ठरलेला असतो. मशिदीजवळ ‘पाकी (शुचिता) हा ईमानाचा (श्रद्धेचा) निम्मा भाग’ अशी पाटी लागते आणि एखाद्या जुम्म्याच्या खुत्ब्यात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, कचरा टाकणाऱ्यांना चार शब्द सुनावले जातात. ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, खरी आहे, सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे. पण ती पाटी वाचणाऱ्याला हातातली पिशवी टाकायला डबा सापडत नाही, डबा असला तर तो रिकामा करायला गाडी येत नाही, आणि गाडी आलीच तर ती पुढे कुठे जाते हे कोणी विचारत नाही.

इस्लामच्या राजकीय नीतिविचारात क्रम वेगळा आहे. आधी अधिकार हाती असलेल्यांना जाब, मग सामान्य माणसाला उपदेश. कुरआनच्या सूरह (अध्याय) निसाच्या ५८व्या आयतीत (वचनात) अमानती, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या गोष्टी, त्यांच्या हक्कदारांच्या हवाली करण्याचा आणि लोकांमध्ये न्यायाने निवाडा करण्याचा हुकूम आहे. अधिकाऱ्यांची आज्ञा पाळण्याची गोष्ट त्यानंतर, ५९व्या आयतीत येते. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला धर्मपंडित इब्न तैमिया यांनी राज्यनीतीवरची आपली मांडणी याच दोन आयतींवर उभी केली. पुढच्या पायऱ्याही त्याच क्रमाने लावल्या आहेत. गावप्रमुख, पर्यटन समिती, मशिदीची समिती आणि लॉजमालक यांना बांधणारे नियम आधी, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला बांधणारे नियम शेवटी. माझ्या मते बहुतेक गावांच्या योजना फसतात त्या हा क्रम उलटा केल्यामुळे.

पहिली पायरी: मोजणी

मोजल्याशिवाय न्याय करता येत नाही. कोण किती कचरा करतो हे ठाऊक नसेल तर बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं.

सलग आठ दिवस मोजा, म्हणजे आठवड्यातला प्रत्येक वार येतो आणि पहिल्या दिवशीचा साचलेला कचरा हिशेबातून वगळता येतो. हे एकदा भर हंगामात करा आणि एकदा हंगाम संपल्यावर. जागतिक बँकेच्या २०१८च्या अहवालात जगाची सरासरी माणशी रोज ०.७४ किलो दिली आहे. ती सरासरी तुमच्या गावाला लावू नका. मुक्कामी पाहुणा, दिवसभरासाठी येणारा पाहुणा आणि गावातला रहिवासी या तिघांचा कचरा वजनानेही वेगळा असतो आणि प्रकारानेही.

लागणारं सामान थोडं आहे: ताडपत्री, टांगायचा काटा, हातमोजे, वही. घरं, लॉज, खाणावळी, दुकानं आणि सार्वजनिक जागा अशा पाच ठिकाणांचा कचरा वेगवेगळा आणा, वजन करा, ताडपत्रीवर पसरा आणि ओला, कागद-पुठ्ठा, बाटल्या, पातळ प्लास्टिक, काच, धातू, डायपर-सॅनिटरी पॅड, बॅटऱ्या-औषधं असे गट करून पुन्हा वजन घ्या. ढीग फार मोठा असेल तर नीट कालवून चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन बाजूला काढा. हाताळता येईल इतका उरेपर्यंत हेच करत राहा.

त्याच वहीत दुसरा तक्ता हवा, आणि माझ्या दृष्टीने तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. सध्या कचरा जातो कुठे? कोणत्या घळीत, कोणाच्या शेताच्या बांधाला, कोणत्या विहिरीपासून किती अंतरावर? धूर कोणत्या वाऱ्याने कोणाच्या घरात शिरतो? पहिल्या तक्त्यात लाभ कोणाचा ते दिसतं, दुसऱ्यात इजा कोणाला ते. ‘स्वतः नुकसान सोसू नये आणि दुसऱ्याचं करू नये’ ही हदीस फिकहच्या (इस्लामी कायदेशास्त्राच्या) मूळ सूत्रांपैकी आहे. ते सूत्र गावात लागू करायचं तर इजा कागदावर आलेली असली पाहिजे.

दुसरी पायरी: शूरा (सल्लामसलत), पण खरी

सूरह शूराच्या ३८व्या आयतीत मोमिनांचे (श्रद्धावानांचे) कारभार आपसांतल्या सल्ल्याने चालतात असं म्हटलं आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. सूरह आले इमरानच्या १५९व्या आयतीची पार्श्वभूमी मात्र क्वचित सांगितली जाते. मदीनेजवळच्या उहुदच्या लढाईआधी पैगंबर मुहम्मद यांनी शहराबाहेर पडून लढण्याचा, अनेकांनी आग्रहाने मांडलेला सल्ला मानला होता. लढाईत मोठी हानी झाली. त्यानंतर उतरलेली ही आयत सांगते: त्यांना माफ करा, आणि कारभारात त्यांचा सल्ला घेत राहा. म्हणजे एका निर्णयाचा परिणाम वाईट झाला म्हणून लोकांना विचारणं बंद करायला आधार नाही. ‘मागच्या वेळी लोकांना विचारलं तर भांडणंच झाली’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक समितीपुढे ही गोष्ट ठेवावी.

बैठकीला कोणाला बोलवायचं? लॉजमालक आणि मशिदीचे विश्वस्त येतातच. आवर्जून आणायचे ते इतर: स्वयंपाकघर आणि घरातला कचरा हाताळणाऱ्या बाया, लॉजमध्ये साफसफाई करणारे कामगार, कचरावेचक आणि भंगारवाले, हंगामी टपरीवाले, गावातले बिगरमुस्लिम रहिवासी आणि प्रवाहाच्या खालच्या गावाचे दोन माणसं. हे शेवटचे आपल्या गावचे नाहीत म्हणून टाळले जातात. पण सहीह बुखारी या हदीससंग्रहात पैगंबरांचे सहकारी नुमान इब्न बशीर यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये एकाच जहाजाच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावरचे प्रवासी आहेत. खालचे पाण्यासाठी तळाला भोक पाडू पाहतात. वरच्यांनी त्यांना अडवलं तर सगळे वाचतात, नाही अडवलं तर सगळे बुडतात. या हदीसचा वापर खालच्यांना गप्प करण्यासाठी होतो, आणि मला ते पटत नाही. खालच्यांना पाणी हवं होतं, आणि ते वर येऊन घेताना वरच्यांना आपला त्रास होतो हेही त्यांनाच वाटत होतं. पर्यटनगावात तर भोक बहुतेक वेळा वरच्या मजल्यावरून पडतं.

बैठकीची रीत अशी ठेवा. आधी दोन्ही तक्ते मोठ्याने वाचायचे. मग ज्यांच्या वाट्याला इजा येते त्यांनी पहिलं बोलायचं, ज्यांना लाभ होतो त्यांनी नंतर. बायकांना भरसभेत बोलणं अवघड जात असेल तर त्यांची बैठक आधी वेगळी घ्या आणि त्यांचे मुद्दे त्यांनीच निवडलेल्या प्रतिनिधीकडून मुख्य बैठकीत नोंदवून घ्या. निर्णय लेखी हवा. त्यात विरोध कोणी आणि का केला तेही लिहायचं, आणि फेरविचाराची तारीख घालायची.

बिगरमुस्लिमांबद्दल एक गोष्ट स्पष्ट ठेवा. धार्मिक कारण मुस्लिमांना आतून बांधतं, पण नियमाचं कारण सगळ्यांना समजेल अशाच भाषेत लिहायचं. विहीर दूषित होते, धुराने दमा वाढतो, खर्च वजनाप्रमाणे वाटला आहे. एवढं पुरतं.

तिसरी पायरी: पैसे कोणी द्यायचे

ऑटोमन काळात १८६९ ते १८७६ दरम्यान तयार झालेल्या मजल्ला या दिवाणी संहितेच्या सुरुवातीला फिकहची ९९ सूत्रं दिली आहेत. त्यातलं कलम ८७ सांगतं की लाभ ज्याचा, भारही त्याचा. कलम ५८ सांगतं की प्रजेवरचा अधिकार लोकहिताशी बांधलेला आहे. कचऱ्याचा दर ठरवताना एवढी दोन सूत्रं समोर ठेवली तरी पुष्कळ वाद मिटतात.

समजा मोजणीत निघालं की हंगामातल्या कचऱ्यापैकी ६० टक्के वजन लॉज आणि खाणावळींचं आहे. मग त्या काळातल्या खर्चाचा ६० टक्के भार त्यांनी उचलायचा. लॉजला खाटेमागे आणि रात्रीमागे आकार लावणं सोपं पडतं, खाणावळीला वजनावर, दिवसाच्या पाहुण्याला वाहनतळाच्या पावतीत. घरांवर आकार थोडा ठेवा आणि गरीब घरांना तो माफ करा. वर्गीकरण मात्र कोणालाच माफ नाही.

पाहुण्याकडून आकार घेतला तर धंदा बुडेल ही भीती नेहमी बोलून दाखवली जाते. मालदीवने २०१५च्या नोव्हेंबरपासून रिसॉर्टमधल्या पर्यटकांवर माणशी रोज ६ डॉलर हरितकर लावला, आणि पुढच्या वर्षी वस्तीच्या बेटांवरच्या गेस्टहाउसांसाठी तो ३ डॉलर ठेवून लागू केला. मोठ्याला जास्त, छोट्याला कमी, ही रचना गावपातळीवरही उचलण्यासारखी आहे.

जकातीचं, म्हणजे मुसलमानाने द्यायच्या सक्तीच्या दानाचं काय, हा प्रश्न येणारच. सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार ठरलेले आहेत, आणि बहुसंख्य फकीहांच्या (कायदेपंडितांच्या) मते सार्वजनिक कामांचा खर्च त्यात बसत नाही. कचरा उचलणारा माणूस गरीब असेल तर त्याला जकात देता येते, पण त्याची मजुरी जकातीतून देऊन लॉजमालकांचा खर्च वाचवणं हा गरिबांच्या हक्कावरच हात आहे. सदका (ऐच्छिक दान) आणि वक्फ (धर्मादाय कामासाठी कायमची दिलेली मालमत्ता) हे मोकळे मार्ग आहेत. खतशेडसाठी जमीन किंवा गाडी वक्फ करता येते. फक्त वक्फ करणाऱ्याची अट आणि देशाचा वक्फ कायदा आधी वाचून घ्या, कारण कब्रस्तानासाठी दिलेली जागा पुढे समितीला सोयीची वाटली म्हणून कचऱ्याला वळवता येत नाही.

हिशेबाचं खातं वेगळं ठेवा. दर महिन्याची जमा आणि खर्च मशिदीच्या, बाजाराच्या आणि वाहनतळाच्या फलकावर लावा.

चौथी पायरी: ठेका आणि नातेवाईक

इथे फार लिहायची गरज नाही, कारण हदीसच पुरेशी स्पष्ट आहे. जकात गोळा करायला पाठवलेला एक माणूस परत येऊन म्हणाला, हे तुमचं आणि हे मला भेट मिळालेलं. पैगंबरांनी विचारलं की तो आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे आली असती का. कचऱ्याच्या गाडीचा ठेका, भंगाराची विक्री आणि खताची विक्री या तिन्ही ठिकाणी हा प्रश्न विचारा. ठेका देणाऱ्या समितीतल्या माणसाचा त्या धंद्यात वाटा असेल तर त्याने ते आधी लेखी सांगावं आणि त्या निर्णयातून बाहेर राहावं. लॉजमालक पर्यटन समितीत असू शकतो, पण लॉजचा आकार ठरवणाऱ्या मतदानात नको.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष यंत्रणा

सगळ्यात आधी कचरा होऊच नये याची सोय. ‘खा, प्या, पण उधळपट्टी करू नका’ या सूरह आराफच्या ३१व्या आयतीचा पर्यटनातला अर्थ सरळ आहे: ताट मोजून वाढणं, थाळीचा आकार दोन प्रकारचा ठेवणं, आणि पाण्याच्या बाटल्यांऐवजी भरून घेण्याची शुद्ध पाण्याची केंद्रं. पिशव्यांवर गावाने एकट्याने बंदी घालणं अवघड असतं. मोरोक्कोने जुलै २०१६पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आणली ती देशाच्या कायद्याने. पण लॉज आणि खाणावळीच्या परवान्यात अट घालणं बहुतेक गावांच्या आवाक्यात असतं.

वर्गीकरण तीनच डब्यांत ठेवा: ओला, सुका आणि घातक-सॅनिटरी. सुरुवातीलाच सात डबे दिले की लोक कंटाळतात. सुक्याचे पुढचे गट शेडमध्ये, पगार घेणाऱ्या माणसांनी करायचे.

ओला कचरा गावातच जिरला पाहिजे. उष्ण हवेच्या गावांत तोच सगळ्यात जड असतो, सगळ्यात आधी कुजतो, आणि वाहतुकीचा खर्च वाढवतो तोही तोच. खताचा ढीग लावताना ओल्या कचऱ्याच्या आकारमानाइतका तरी वाळका पालापाचोळा, लाकडाचा भुसा किंवा पेंढा मिसळा. मुठीत दाबल्यावर बोटांतून एखाददुसरा थेंब यावा इतकाच ओलावा हवा. मासळी आणि मांसाचे अवशेष ढिगाच्या मध्यभागी घालून वरून वाळका थर द्या, म्हणजे कुत्री आणि माश्या येत नाहीत. आतलं तापमान ५५ अंश सेल्सिअस किंवा त्याच्या वर १५ दिवस टिकलं आणि त्या काळात ढीग किमान पाच वेळा उलथापालथ केला, तर बहुतेक रोगजंतू मरतात. लांब दांड्याचा तापमापक ही या शेडमधली सगळ्यात उपयोगी वस्तू आहे.

शेड सरासरीवर बांधू नका, हंगामावर बांधा. समजा हंगामात रोज २०० किलो ओला कचरा ६० दिवस येतो. म्हणजे १२ टन. घनमीटरला अर्धा टन धरला तर २४ घनमीटर, तेवढाच पालापाचोळा मिसळून ४८. खत तयार व्हायला दोन-तीन महिने लागत असल्याने पहिला ढीग निघायच्या आतच शेवटचा येऊन पडतो. ढीग आकसत जातो हे खरं, पण उलथापालथीला मोकळी जागा लागतेच. पालापाचोळाही हंगामाआधी साठवून ठेवावा लागतो, कारण ऐन वेळी तो मिळत नाही.

सुक्याचं गणित भंगाराच्या भावावर चालतं, आणि भाव पडतो. म्हणून भंगाराच्या उत्पन्नावर मजुरी अवलंबून ठेवू नका, मजुरी आकारातून द्या. इंडोनेशियात बांतुल इथे २००८मध्ये सुरू झालेली कचरा बँकेची कल्पना पुढे देशभर पसरली: घरांनी वेगळा केलेला सुका कचरा वजन करून जमा करायचा आणि पुस्तकात रक्कम नोंदवायची. घरांसाठी ती उत्तम आहे. लॉजसाठी नाही, कारण त्यांच्याकडून यायचं ते देणं आहे.

जाळणं पूर्ण बंद. पीव्हीसीसारखं प्लास्टिक उघड्यावर जळलं की डायॉक्सिन ही विषारी रसायनं तयार होतात. ज्याचं काहीच होत नाही असं उरलेलं सुकं कोरडं ठेवून, गठ्ठे बांधून जिल्ह्याच्या किंवा नगरपालिकेच्या अधिकृत जागी पाठवायचं, आणि त्याची पावती जपायची.

सहावी पायरी: जे हात हे काम करतात

मशीद झाडणारी एक काळी स्त्री वारली तेव्हा लोकांनी पैगंबरांना कळवलंही नाही, त्यांना ती बाब किरकोळ वाटली. पैगंबरांनी तिची चौकशी केली, मला का सांगितलं नाही म्हणून विचारलं, आणि तिच्या कबरीवर जाऊन नमाज पढली. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ही हदीस आहे. कचऱ्याच्या योजनेत कामगारांचं कलम लिहिताना ती मला नेहमी आठवते.

कलमात काय हवं: लेखी करार, ठरल्या तारखेला मजुरी, जाड हातमोजे, बूट, धनुर्वाताची लस, हातपाय धुवायला पाणी आणि साबण, काम करताना जखम झाल्यास उपचाराचा खर्च. गावात आधीपासून कचरा वेचणारे असतील तर नव्या कामावर पहिला हक्क त्यांचा. बाहेरचा ठेकेदार आणून त्यांची रोजी तोडणं म्हणजे एक इजा टाळण्यासाठी दुसरी करणं.

सातवी पायरी: देखरेख, पण हेरगिरी नाही

बाजार, रस्ते आणि पाण्यावर देखरेख करणारा मुहतसिब ही जुनी संस्था. अकराव्या शतकात कायदेपंडित मावर्दी यांनी त्याच्या अधिकारांची सविस्तर चर्चा केली आणि उघड दिसत नाही ते तो शोधत फिरणार नाही अशी मर्यादाही घातली. सूरह हुजुरातच्या १२व्या आयतीत पाळत ठेवण्याला मनाई आहेच. म्हणून घराघरांत शिरून डबे तपासणारी पथकं नकोत. डबा दारात आल्यावर दिसेल तेवढंच तपासायचं. रस्ता, किनारा, ओढा आणि लॉजचं मागचं दार या उघड जागा आहेत, तिथे कडक राहा.

धर्मपंडित गझाली यांनी सांगितलेला चढता क्रम आजही कामाचा आहे: आधी माहिती द्या, मग समजावा, मग खडसावा, आणि जबरदस्ती सगळ्यात शेवटी. पाहुण्याला डबा कुठे आहे हे सांगितलेलं नसताना थेट दंड करणं या क्रमात बसत नाही.

दंडाबद्दल जाणकार मौलवींना आधी विचारा, कारण पैशाच्या दंडावर फकीहांमध्ये जुना मतभेद आहे, आणि गावाला दंडाचा अधिकार आहे का हे देशाच्या कायद्यावरही ठरतं. या अडचणीतून बरा मार्ग कराराचा आहे. मुसलमान आपल्या मान्य केलेल्या अटींना बांधील असतात, अशी हदीस आहे. परवाना देताना लॉजकडून अनामत घ्या, अटी लिहून सही घ्या, आणि भंग झाल्यास सफाईचा प्रत्यक्ष खर्च त्यातून वळता करा. तक्रारीवर निर्णय देणारी माणसं आकार गोळा करणाऱ्यांपेक्षा वेगळी असावीत.

आठवी पायरी: आता खुत्बा

यंत्रणा चालू झाल्यावर मिंबरवरून (मशिदीतल्या प्रवचनपीठावरून) बोलण्यात जोर येतो. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेचा २०१४चा ४७ क्रमांकाचा फतवा इथे हाताशी ठेवावा. कचरा वाटेल तिथे टाकणं आणि उपयोगाच्या वस्तू फेकणं त्यात हराम ठरवलं आहे. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. सरकार आणि उद्योजकांवर कचऱ्याच्या व्यवस्थापनाची जबाबदारी टाकतो आणि पुनर्वापराला वाजिब किफाया, म्हणजे कोणीच न केल्यास सगळ्या समाजावर दोष येईल असं कर्तव्य, ठरवतो. खुत्ब्यात दोन्ही भाग सांगा. पहिलाच सांगितला तर फतवा अर्धा सांगितला.

आणि मशिदीने आपल्या अंगणापासून सुरुवात करावी: इफ्तारच्या बाटल्या आणि थर्माकोलच्या ताटल्या, बकरी ईदचे अवशेष, जलशांचा कचरा.

जुना ढीग

नवी व्यवस्था लागली की जुना उकिरडा विसरला जातो. इंडोनेशियात बांडुंगजवळ लेउविगाजा इथला कचऱ्याचा डोंगर २१ फेब्रुवारी २००५ रोजी जोरदार पावसानंतर कोसळला आणि खालच्या वस्तीतले १४०हून अधिक लोक गेले. तीन वर्षांनी तिथे कचरा व्यवस्थापनाचा राष्ट्रीय कायदा आला.

तुमच्या गावच्या ढिगावर टाकणं ज्या दिवशी बंद होईल त्या दिवसापासून ही कामं सुरू करा: वरच्या बाजूने येणारं पावसाचं पाणी चर खणून वळवणं, उभे कडे उतरते करणं, घट्ट मातीचा थर देणं, कुंपण घालणं. ढिगावर वाहनतळ किंवा टपऱ्या बांधू देऊ नका, आतून वायू निघत राहतो आणि जमीन खचते. शेजारच्या विहिरींचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर प्रयोगशाळेत तपासा. फिकहमध्ये विहिरीभोवती हरीम म्हणून राखीव कडं असतं. त्याच आधाराने गावाच्या नकाशावर प्रत्येक विहिरीचं कडं आखा, आणि त्यात खतशेडही येऊ देऊ नका. तपासणीचे निकाल हिशेबाच्याच फलकावर लावा, आणि पाणी खराब निघालं तर त्या घरांना दुसरं पाणी पुरवण्याचा खर्च घरांकडून न घेता पर्यटन आकाराच्या खात्यातून करा.